परक्या वस्तूंचं घर

निरोप आला तेव्हा मी नाते गावच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. महाडच्या गाडीचा कंडक्टर गाडी उभी करून शाळेच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या दादांनी बोलावलंय. तुमच्या वयनी वारल्या सकाळी." मी त्या बिचाऱ्यावरच डाफरले, "नीट ऐकलंस का रे? आमचीच वहिनी?" कारण चारच दिवसांपूर्वी मी महाडात तिच्या हातचा चहा पिऊन आले होते. एका जुन्या फळीला तेल चोळत बसली होती आणि मला म्हणत होती, "बघा वन्सं, कसलं लाकूड आहे! यावर आधीच्या मालकांनी इतकी वर्षं कोंबड्या बसवल्या." त्याच फळीला दुसरा हात देताना ती बसल्या जागी कलंडली, असं मग दादानं सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... आता दीड महिना झाला. तिच्याविषयी लिहायचं तर नणंदेच्या तोंडून लिहावं लागणार, तेव्हा थोडी नावं ठेवली जातील. तिला ते चालायचं. किंबहुना मी नावं ठेवली नाहीत तर तिला वाटायचं, माझी तब्येत बरी नाही.

शेवंतावहिनी महाडचीच. तिचे वडील बंदरावर एका व्यापाऱ्याच्या वखारीत कामाला होते. लहानपणापासून तिनं होड्या-पडावांत चढणारा आणि पडावांतून उतरणारा माल पाहिलेला. त्यामुळे की काय कोण जाणे, माणसापेक्षा आधी तिची नजर त्याच्या सामानाकडे जायची. आम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतले. आमच्या घरात सामान म्हणजे पाटा, उखळ, चार भांडी आणि दावणीची गुरं. दादाला महाडात कचेरीत कारकुनी मिळाली, लग्न झालं, आणि दोघांनी दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड केलं. पहिल्या दिवशी त्या घरात होती एक पत्र्याची ट्रंक, एक चटई आणि एक कंदील. पगार असा की महिनाअखेर गाठली तरी पुष्कळ झालं. नवी खुर्ची घ्यायची म्हटलं असतं तर दोघांना तिच्यावर उपाशी बसावं लागलं असतं.

पण ते दिवस असे होते की महाड-पोलादपुरातली घरंच्या घरं मुंबईला चालली होती. चाळीतल्या एका खोलीत कपाट कुठे नेणार आणि झोपाळा कुठे टांगणार? मग ते सामान शेजाऱ्यांच्या पडवीत पडायचं, नाहीतर चुलीत जायचं. वहिनीनं नेमकी ती फट हेरली. कुणी बिऱ्हाड आवरतंय कळलं की ही मदतीला हजर. भांडी पोत्यात भरून द्यायची, पोरांना जेवू घालायची, आणि निघताना हळूच म्हणायची, "ती कोपऱ्यातली आरामखुर्ची नेणार का हो?" कधी एखादी पायली तांदूळ देऊन, कधी गोधडी शिवून देऊन ती वस्तू घरी यायची. तिचा एकच नियम होता. वस्तू कुणाची, ती कुणी आणि कशी वापरली, हे विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. मालकिणीजवळ बसायचं, चहा घ्यायचा, सगळी हकिगत ऐकायची. लिलावातलं सामान कितीही स्वस्तात मिळालं तरी तिला नको असायचं. म्हणायची, "त्याच्याशी ओळख होत नाही."

त्यामुळे त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला आडनाव होतं. वकिलांचं आरशाचं कपाट, गुरुजींचा बाक, देसायांची खुर्ची. एक डॉक्टर दवाखाना बंद करून गेले तेव्हा त्यांच्या काचेच्या बुचाच्या बाटल्या हिनं आणल्या, पाण्यात उकळल्या आणि त्यांत जिरं-मोहरी-हळद भरून गुरुजींच्या बाकावर ओळीनं मांडल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरच्या आमटीला टिंक्चरचा वास यायचा. मी तसं म्हटलं की ती म्हणायची, "मग बरंच की, पोट बिघडणार नाही." एका पाडलेल्या घराची रंगीत काचांची खिडकी तिनं दोन खोल्यांच्या मधे आडवी बसवून घेतली. सकाळी स्वयंपाकघरातल्या भाकरीवर लाल-हिरवा उजेड पडायचा. दादा कचेरीतून येऊन दारात उभा राहायचा आणि आज पाय कुठे ठेवायचा म्हणून आधी बघून घ्यायचा. मी तर तोंडावर म्हणायचे, "वहिनी, तुझ्या घरात शिरायचं म्हणजे बाजाराच्या दिवशी पेठेत शिरण्यासारखं आहे." ती हसायची आणि मला ढकलून देसायांच्या खुर्चीत बसवायची. खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीसारखी खुर्ची मला पुन्हा मिळाली नाही.

हे सगळं ती हौसेनं करायची, यात शंका नाही. पण त्या हौसेला एक काम होतं, आणि ते काम म्हणजे आमची आई. वडील गेल्यावर आई वाडीवर एकटी राहिली. जमीन चुलते कसत होते, एक गाय होती आणि देव होते. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. एकदा दिवा लावताना पदर पेटता पेटता वाचला, तेव्हा शेजारणीनं आम्हाला कळवलं. दादा आणायला गेला तर आईनं त्याला दारातूनच सुनावलं, "मी येतंय रे, पन देव कुठं ठेवू? तुझ्या ट्रंकंवर? आत तुझ्या इजारी आन वर माझी काळकाई? नाय जमायचं." दादा हात हलवत परत आला. मग वहिनी गेली. एकदा नाही, अनेकदा गेली. पोलादपूरपर्यंत गाडीनं आणि तिथून पुढे डोंगर चढून. आई तिला पोटभर जेवू घालायची, ओटीत नाचणी घालायची आणि एकटीलाच परत पाठवायची. आमच्या आईला हलवणं म्हणजे रायगड हलवणं. मी तर आशा सोडली होती.

त्याच सुमाराला, दारूबंदी आल्यावर, महाडातल्या एका पारशी दुकानदारानं आपलं दारूचं दुकान आणि राहती बंगली विकायला काढली. वहिनी त्यांच्या बायकोकडे तीनदा जाऊन चहा पिऊन आली आणि चौथ्या वेळेला हातगाडीवर एक विलक्षण वस्तू घेऊन आली. कमरेइतकी उंच, शिसवी पायांची, वर पांढरा शुभ्र संगमरवर, आणि त्या संगमरवरात मधोमध एक मोठं गोल भोक. खाली एक फळी. मी म्हटलं, "हे काय आणलंस? यात डोकं घालून बसायचं का?" ती ओल्या फडक्यानं दगड पुसत राहिली.

पुढे आई डोळे दाखवायला महाडला आली तेव्हा ती वस्तू पहिल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लागून उभी होती. आईनं तिच्यावरून हात फिरवला. थंडगार दगड, गुळगुळीत. भोकाच्या कडेवरून बोटं फिरवली. "कुनाचा हाय गो ह्यो?" वहिनीनं सांगितलं, पारशांचा. मग आईचा चेहरा उजळला. "आता कळलं. पारशी लोक इस्तवाची पूजा करत्यात नाय का? त्यांचं इस्तवाचं भांडं बसत आसंल ह्यात. देवाचीच वस्तू हाय ही." आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. पारशी अग्नी पुजतात एवढंच आम्हाला त्यांच्याविषयी ठाऊक होतं, आणि ही तर उघड उघड पूजेची वस्तू दिसत होती. दादानं मान डोलावली, मीही डोलावली. मास्तरीण असून! वहिनी हातात कप घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चहा घ्या, आत्याबाई. निवतोय."

आठवड्याभरात आई आली. देव फडक्यात बांधून मांडीवर घेतलेले. गाडीत शेजारी कुणी सुक्या मासळीची टोपली ठेवली म्हणून तिनं अर्धी गाडी उठवली होती म्हणे. वहिनीनं त्या गोल भोकात तांब्याचं ताम्हन बसवलं. ते इतकं नेमकं बसलं की जणू मापच घेतलं होतं. त्यात टाक मांडले. अभिषेकाचं पाणी खाली सांडायचा प्रश्न नाही, आईला वाकायचा त्रास नाही. आईनं दिवा लावला आणि आमच्या घरचे देव पहिल्यांदा डोंगर उतरून महाडात बसले. त्या दिवशी वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. मी तीन खाल्ल्या आणि तरीही म्हणाले की कट जरा आंबट झालाय.

असं सुखानं चाललं होतं. पुढे एका शिमग्याला मुंबईहून पांडू आला. हा माझ्या मावशीचा मुलगा, मुंबईत एका मोठ्या हॉटेलात बेअरर. गावी जाता जाता आईच्या पाया पडायला आला. पाया पडला, वर पाहिलं, आणि मोठ्यानं हसत सुटला. "मावशी, ये क्या किया! अगं ह्यो वॉशस्टँड हाय! सायब लोक तोंड धुत्यात ह्यात. हितं बेसिन बसतंय, खाली बादली ठेवायची. आन तू काळकाई बसवलीस!" त्याला हसू आवरेना. बाकी कुणीच हसत नव्हतं. दादाला एकदम खोकला लागला. मी आईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता उद्याच्या गाडीनं देव परत डोंगरावर. डोळे तर तोवर आणखीच गेलेले. तिथे तिला कोण बघणार?

आईनं वहिनीकडे तोंड वळवलं. "शेवंते, तुला ठावं व्हतं काय गो?"

दुसरी कुणी असती तर सरळ नाही म्हणाली असती. वहिनी म्हणाली, "होय आत्याबाई. पारशीणबाईंनी घेतानाच सांगितलं होतं. त्यांच्या सासऱ्यांचं होतं."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्हीच म्हणालात देवाचं आहे. तुम्ही यायला राजी झालात... मग मी कशाला तोंड उघडू? मला तुम्ही हव्या होतात."

आई उठली. हातानं चाचपत त्या संगमरवराशी गेली आणि एकेक टाक उचलून पदरात घेऊ लागली. पांडू आता रडायच्या बेताला आला होता. सगळे टाक पदरात आल्यावर आई म्हणाली, "शेवंते, गोमूत्र आन. आन पानी." तिनं स्वतःच्या हातानं सगळा दगड धुतला, खालचे शिसवी पाय धुतले, ताम्हन पुन्हा बसवलं आणि देव जागच्या जागी मांडले. मग पांडूला म्हणाली, "आमी तरी देवांस सकाळी काय करतो रे? आंगूळच घालतो ना? मंग ह्यात त्यांनी तोंड धुतलं तर काय बिघडलं? बस, पोळी खा." त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "कांदा चिरतेय." पुरणपोळीला कांदा कुठला लागतो, हे मी तिला विचारलं नाही. त्यानंतर आईनं वाडीवर जायचं नाव कधी काढलं नाही.

वहिनीचं दिवसकार्य झाल्यावर मी ठरवलं की आईला माझ्याकडे नात्याला न्यायचं. दादा कचेरीत जातो, घरात दिवसभर कोण? आईला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. दादाही खचलेला. म्हणत होता, "हा सगळा पसारा देऊन टाकतो. मला या वस्तूंकडे बघवत नाही." मला ते पटलं. मी आईचं बोचकं बांधलं आणि म्हटलं, "आये, चल. माझं घर मोकळंढाकळं आहे, ऐसपैस आहे. इथे अडखळून पडशील."

"मी नाय येत," आई म्हणाली. "तुझ्या मोकळ्या घरात मला कुनीतरी हात धरून न्यावं लागंल. बघ हितं."

आणि ती उठली. खाटेच्या खुराला एक हात, तो सुटायच्या आत दुसरा वकिलांच्या कपाटाच्या कडेला. तिथून खुर्चीचा लांब हात. खुर्ची संपते तिथे संगमरवर. देवांना नमस्कार करून ती वळली, खिडकीच्या चौकटीला धरून स्वयंपाकघरात गेली, बाकाच्या कडेकडेनं मागच्या दारापर्यंत पोचली आणि बाहेर हात धुऊन त्याच वाटेनं परत आली. कुठेही चाचपडली नाही, कुठेही थांबली नाही. तिचा हात सुटेल एवढी जागा त्या दोन खोल्यांत कुठेच नव्हती. "माझं डोळं जसं जसं गेलं, तसं तसं तिनं येकेक सामान सरकवलं," आई खाटेवर टेकत म्हणाली. "मला बोलली नाय कदी. पन हाताला कळतंय ना."

मी उभीच राहिले. इतकी वर्षं मी ज्याला बाजार म्हणत होते, ती माझ्या आईची वाट होती. मग मी खाली बसून आईच्या मांडीत डोकं घालून भरपूर रडून घेतलं, आणि तिनं मला रडू दिलं.

बोचकं सोडून लुगडी परत कपाटात ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटीच निघाले. दादा पोचवायला आला होता. गाडी सुटता सुटता त्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, घरातली खुर्ची काय, साधा पाटसुद्धा बोटभर हलवायचा नाही.