माघीचा तेविसावा देव

माघीला हसू फुटलं की ते आवरायला पाड्यावरच्या दोन बाया लागत. पोशेऱ्याच्या डोंगरातली ही चाळिशीची बाई नागली लावताना हसे, लाकडं फोडताना हसे. एकदा भगताच्या अंगात वारं आलेलं असताना हसली, तर त्यापायी तिला कोंबडा द्यावा लागला होता.

जव्हारात राजाचा कारभार होता तेव्हाची गोष्ट. दरबारचा परवाना घेऊन मुंबईच्या कॉलेजातला दाबके नावाचा पदवीधर पोशेऱ्यात उतरला. सदा हातात वही, म्हणून लोक त्याला मास्तर म्हणू लागले. तो दगड शोधायला आलाय हे ऐकून माघी हसता हसता मटकन खालीच बसली. पोशेऱ्यात दगड शोधायचे म्हणजे समुद्रात पाणी शोधायचं. असला माणूस सोडायचा कसा? मास्तरचे दगड डोक्यावरून वाहायचं काम तिनं त्याच दिवशी पत्करलं.

मास्तरचं म्हणणं असं, की या डोंगरात काळ्या दगडाची एक उभी भिंत आहे, आणि ती कधी वर तर कधी मातीखालून थेट खोडाळ्यापर्यंत सलग जाते. हे पटवायला तो जागोजागी टवका काढी. कॉलेजात पुढच्या अभ्यासाची शिष्यवृत्ती एकच होती, उमेदवार दोन. प्रोफेसर स्वतः येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर मास्तर दोन वर्षं याच डोंगरात, नाहीतर बापाच्या ओळखीनं कुठल्यातरी कचेरीत कारकून. माघीनं हे ऐकलं आणि मास्तरची काळजी स्वतःलाच लावून घेतली. इतकी मजा तिला उभ्या जन्मात आली नव्हती.

घोटाळा केला वाळवीनं. दगडांना बांधलेल्या चिठ्ठ्या तिनं खाल्ल्या. मास्तरनं मग शेंदूर तेलात कालवला, प्रत्येक दगडाला पट्टा ओढला, त्यात काडीनं आकडा कोरला, दगड झोपडीत ओळीनं मांडले आणि तो प्रोफेसरांना आणायला जव्हारला गेला.

दुसऱ्या दिवशी माघी झाडायला आली ती दारातच थबकली. शेंदूर लावलेले तेवीस देव कोपऱ्यात उपाशी बसले होते. शिवेवरचा देव शीव सोडून हलवत नाहीत, हे पाड्यावरच्या पोरालाही ठाऊक. मास्तर शिकलेला, त्याला कोण सांगणार? तिनं पाटी भरली. तीन दिवस ती डोंगर चढत-उतरत होती. ज्याला त्याला त्याच्या जागी बसवायचं, चार तांदूळ वाहायचे, आणि माफी मागता मागता हसायचं.

प्रोफेसरांना घेऊन मास्तर आला तर झोपडी रिकामी.

"माघे, दगड कुठायत?"

"त्यांला घरी पोचवलं, मास्तर. उपाशी व्हते."

मास्तर भिंतीला टेकून खाली बसला. "संपलं माझं," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघून माघीचं हसू जन्मात पहिल्यांदा आपोआप थांबलं. आपण याचं वाटोळं केलं, हे तिला आता कळलं.

प्रोफेसर मात्र शांतपणे म्हणाले, "घरी म्हणजे कुठे, बाई?"

"चल, दावते." ती मोठ्या माणसालाही तूच म्हणे.

पहिल्याच जागी प्रोफेसर गुडघ्यावर बसले. टवका नुसता जवळ ठेवला नव्हता. जिथून निघाला त्याच खाचेत तिनं तो बसवला होता, डब्यावर झाकण बसावं तसा. कड कडेला जुळत होती. दुसरा तसाच, तिसरा तसाच. टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर प्रोफेसरांनी मागं वळून पाहिलं. शेंदराचे ठिपके ओढे-नाले ओलांडत एका रेषेत खोडाळ्याकडे निघाले होते. मास्तरनं वहीत महिनाभर जे लिहिलं ते डोंगरावर मांडलेलं होतं.

"दगड कुठून आणला याचा पुरावा काय, हे मी विचारणार होतो," प्रोफेसर म्हणाले, "आता काय विचारू?"

"पण हे बावीसच," मास्तर म्हणाला. "तेविसावा?"

माघीनं कमरेची गाठ सोडून एक दगड काढला. "ह्यो कुठंच बसंना. आपल्या डोंगरातला नाय, पाव्हणा हाय. रोज भात घातला मी त्याला."

प्रोफेसरांनी दगड उलटा केला. खाली कॉलेजचा पुसट शिक्का होता. ताडून बघायला मास्तरनं तो मुंबईहून आणला होता आणि भरात त्यालाही पट्टा ओढला होता.

माघीनं तो दोन्ही हातांनी प्रोफेसरांपुढं धरला. "ह्याला घरी ने. आणि त्याच्या बदल्यात मास्तरला आमच्याकडंच ठेव."

प्रोफेसर इतके हसले की त्यांना आवरायला मास्तर आणि माघी, दोघंही लागले. शिष्यवृत्तीचा कागद त्यांनी तिथंच, गुडघ्यावर ठेवून लिहिला.