दोन सातबाव आणि दोन बहिणी

मालवणच्या अंगाला आमचं सातबाव, आणि आरोंद्याच्या खाडीजवळ दुसरं सातबाव. बाव म्हणजे विहीर. पांडवांनी एका रात्रीत सात विहिरी खणायला घेतल्या, सहा झाल्या, तोच कोंबडा आरवला, म्हणून सातवी त्यांनी पळता पळता तिकडे खणली, असं आमच्याकडे सांगत. तिकडे सांगत, सहा त्यांच्या आणि उरलेली एक आमची. मी दोन्ही गावं पाहिली आहेत. आमच्याकडे विहिरी चार, त्यांतली एक कोरडी. पांडवांवर माझा संशय लहानपणापासूनच होता. वनवासाला निघालेली माणसं दिसेल तिथे विहिरी कशाला खणत सुटतील?

पण त्या गोष्टीत बहिणी नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. बहिणी आल्या साठ सालाच्या आसपास, माझ्या आक्काचं लग्न ठरता ठरता.

आई गेलेली, वडील मुंबईला गिरणीत. घर थोरल्या काकांचं आणि चालवायची आक्का. काका विधुर, दम्याचे रोगी. त्यांची पेज किती मऊ हवी, काढा केव्हा द्यायचा, हे तिलाच कळे. मी केलेली पेज ते मुकाट्यानं मांजराला घालत. तिकडच्या सातबावातला एक शाळामास्तर आक्काला पाहून गेला. पसंती आली. आक्का चुलीपाशी स्वतःशीच गुणगुणायला लागली.

आठवडाभरानं काका ओटीवर मध्यस्थाला म्हणाले, "ह्यां लगीन जमाचा नाय. आमची देवी आणि त्यांची देवी सख्ख्यो भयणी. धाकटी रुसान थंय गेली. दोनय गाव भावकीतले. भावाक चेडू कसा देतलंस?"

मध्यस्थ उठून गेला. आमच्याकडे भावकीत मुलगी देत नाहीत; भावकी म्हटलं की पुढे बोलणं नाही. काका गावकर होते. देवळात गावाच्या वतीनं देवीला मोठ्यानं साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, तेच घालत. देवीचं नातं त्यांना नाही कळणार तर कुणाला? आक्कानंही विश्वास ठेवला. तिचं गुणगुणणं थांबलं.

मला मात्र चैन पडेना. ही बहीण इतकी वर्षं होती कुठे? आरोंद्याला माझी मैत्रीण दिली होती. तिला भेटायचं निमित्त करून मी तिकडच्या सातबावात गेले आणि देवळापाशी फुलं विकणाऱ्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "पांडव माका म्हायत आसत. भयणी खंयच्यो?"

मी घरी येऊन काकांना म्हटलं, "उद्या देवीम्होरं गाऱ्हाण्यात ही गजाल सांगा. मगे मी गप रवान."

ते रागानं उठून आत गेले. पण सकाळी देवळात गेले. मी खांबाला टेकून उभी होते. गाऱ्हाणं नेहमीसारखं सुरू झालं. बारा राठीच्या, बारा वहिवाटीच्या देवतांना हाक मारून झाली. मग देवीच्या बहिणीपाशी आले आणि अडखळले. दोनदा खाकरले. शेवटी हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाले, "आये, मी खोटा बोललंय. ह्यां चेडू गेला तर माझा कोण करतला, म्हणान बोललंय."

देवीला तोंडावर खोटं सांगता आलं नाही, ओटीवर मात्र आलं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकी दया आली, की मी तिथेच रडले.

काका त्याच दिवशी एस्टीनं स्वतः त्या सातबावाला गेले, धापा टाकत, झालं ते निस्तरायला. दुसऱ्या दिवशी परतले. मी विचारलं तेव्हा पायरीवर बसूनच सांगितलं. तिथे गोष्ट आधीच पोचली होती आणि तिथल्या मानकऱ्यांना ती मनापासून पटली होती. तक्रार एकच. "भयणी खऱ्यो, पण थोरली आमची. धाकटी रुसान तुमच्याकडे गेली." काका म्हणाले, मी खोटं बोललो. मानकरी हसले. "खोटा कसा? देवीन आमच्या गावकराक सपनात सांगल्यान."

त्यावर इलाज नव्हता; बहिणी खऱ्या ठरल्या, भावकी राहिली आणि लग्न मोडलं ते मोडलंच. थोरलेपण सोडायला कोण तयार होतो?

पुढच्या जत्रेपासून त्या गावाहून आमच्या देवीला, धाकट्या बहिणीला म्हणून, ओटी यायला लागली. साडी, खण, नारळ, वाजतगाजत. ती आधी गावकराच्या, म्हणजे आमच्याच, दारी येई आणि घरातली थोरली मुलगी म्हणून आक्का ती ओवाळून घेई. पहिल्या वर्षी परडी डोक्यावर घेऊन आलेल्यांत मास्तरही होता. ऊन कडक होतं. आक्कानं ओवाळलं, कुंकू लावलं. त्यानं परडी खाली ठेवली, घाम पुसला, आणि सगळ्या गावासमोर, भावकीची रीत म्हणून, म्हणाला, "ताई, थोडा पाणी मेळात?"

आक्का आत गेली आणि तांब्या घेऊन आली. काका पायरीवर बसून ऐकत होते.