तपासणाऱ्याला विचारा

पत्रिकेवर बाईंचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य प्रवर्तक'. बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. अंधेरीच्या एका कॉलेजात त्यांच्या नावाची प्रयोगशाळा उघडणार होती, आणि त्यांनी पूर्वी केलेला प्रोग्राम एका कारखान्यातून मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून दाखवणार होते. मी ते सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबांचे डोळे काचबिंदूने गेल्यातच जमा आहेत, पण कान शाबूत आहेत. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ता वाक्य आसतला मां त्येच्यात?"

ते वाक्य असेल ना त्यात. मी म्हटलं, असेल हो, असणारच. मला काय माहीत होतं.

मी तोंडाची फटकळ आहे. माहेरी, सासरी, आमच्या सोसायटीत, कुणालाही विचारा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे भर सभेत मी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

बाबा गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका एक्सपोर्टच्या कारखान्यात लागले. तिथेही तेच काम. तिरकं काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापडाचा तागा सरकत जातो आणि तपासणारा सांगतो, पास की नापास. बाबा डोळ्यांनी बघायचे ते बघायचेच, पण शेवटी हाताची मागची बाजू कापडावरून फिरवायचे. तळवा नाही, मागची बाजू. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं. आपला बाप असंच करतो, एवढंच मला ठाऊक.

मालकाने ठरवलं, हे काम कॉम्प्युटरला शिकवायचं. तेव्हाच्या कॉम्प्युटरला कॅमेरा-बिमेरा काही नव्हता. तो फक्त प्रश्न विचारणार, समोर बसलेल्याने हो किंवा नाही म्हणायचं, आणि मग तो निकाल सांगणार. म्हणजे काल कामावर लागलेलं कुणीही बाबांच्या खुर्चीत बसू शकेल. हा प्रोग्राम करायचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिथे बाई होत्या.

बाई मुलुंडच्या. गणित शिकलेल्या, सुती साडी, खांद्याला शबनम आणि पायात पुरुषी सँडल. कारखान्यात बाबांना धड बोलू देत नाहीत म्हणून त्या दर रविवारी सकाळी आमच्या कांदिवलीच्या बैठ्या चाळीत यायच्या. शबनममध्ये कापडाचे तुकडे. एकेक तुकडा बाबांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, पास की नापास? आणि मग, का? माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. लांबट आखीव वही, आणि प्रत्येक ओळ 'जर'ने सुरू. जर गाठ नखाला लागत असेल, तर नापास. जर डाग तेलाचा असेल आणि कडेला असेल, तर कापून पास.

माझ्या बापाला आयुष्यात कुणी 'का' विचारलं नव्हतं. मुकादमाने नाही, मालकाने नाही, आम्हीही नाही. पहिल्या दोन रविवारी ते नुसते घाम पुसत बसले. तिसऱ्या रविवारी जे बोलायला लागले ते आईने भाकऱ्या गार झाल्या म्हणून ओरडेपर्यंत थांबेनात. बाईंनी विचारलं, हात उलटा का फिरवता? बाबा म्हणाले, तळवा काम करून करून मेलाय बाई, मागच्या बाजूला अजून कळतं. बाईंनी मला सांगितलं, हे लिही. मी म्हटलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "हेच तर लिहायचंय गं."

एकदा बाबांनी विचारलं, "ह्या मशीनीक बुद्धी कोणाची म्हणायची?" बाई म्हणाल्या, "तुमची, काका. मी फक्त भरतेय." बाबा दिवसभर हसत होते.

मग एका रविवारी घोडं अडलं. पांढरा तुकडा. गाठ नाही, डाग नाही, भोक नाही, धागा तुटलेला नाही. वहीतल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर 'नाही'. म्हणजे पास. बाबांनी उलटा हात फिरवला आणि म्हणाले, नापास. का? सांगता येत नाही. बाईंनी चारदा विचारलं. चौथ्यांदा बाबा भडकले. "हात सांगता, बाई. तुम्ही माका काय इचारतास?"

मला वाटलं आता बाई उठून जाणार. त्यांनी पदर खोचला, आमच्या मोरीत बसून तो तुकडा साबणाने धुतला आणि बाहेर दोरीवर टाकला. आम्ही जेवलो. वाळलेला तुकडा त्यांनी उजेडात धरला तर मधोमध एक आडवा पट्टा, मळकट दिसणारा. धागा तिथे किंचित जाडा होता. बाईंनी त्या पट्ट्यावरून स्वतःचा हात उलटा फिरवून बघितला. मग मला म्हणाल्या, शेवटच्या पानावर लिही. जर सगळी उत्तरं 'नाही' असतील, तर लगेच पास म्हणू नका. खात्री नाही. तपासणाऱ्याला विचारा.

"दोष सापडला नाही म्हणजे दोष नाही, असं थोडंच असतं," असं त्या आईला ताटं उचलताना सांगत होत्या. आईला त्यातलं काडीचं कळलं नसेल, पण ती मान डोलवत होती.

मालकाचं पित्त खवळलं. मशीन घेऊनही प्रत्येक चांगल्या ताग्याला माणूस लागणार असेल तर मशीन घेतलं कशाला? ती ओळ काढा. बाई म्हणाल्या, काढणार नाही. त्यांच्या स्वतःच्या कंपनीनेही समजावलं, मग दमदाटी केली. बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि त्या निघून आल्या. ओळ दुसऱ्या कुणीतरी काढली. तीन महिन्यांत बाबांसकट सगळे तपासणारे घरी.

बाई आमच्याकडे आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "काका, मी हरले." बाबांनी त्यांना आत बसवलं आणि आईला सोलकढी आणायला सांगितलं. वही बाईंनी आमच्याकडेच ठेवली. पुढे त्या मुलुंडला दोन खोल्यांत मुलांना शिकवत राहिल्या. त्यांची मुलं कुठे कुठे पोचली, मोठमोठी झाली. शिकवणीच्या पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला एकच काम द्यायच्या: तुमच्या मशीनला आधी 'माहीत नाही' म्हणायला शिकवा. किती जणांनी शिकवलं देव जाणे. आजची मशीनं तर काहीही विचारा, छातीठोक उत्तर देतात.

आणि चाळीत? चाळीत लोक म्हणायचे, मशीनला शिकवून स्वतः घरी बसलेला शहाणा. बाबांच्या तोंडावर म्हणायचे, माझ्या लग्नात म्हणाले. बाबा उलट काही बोलायचे नाहीत. मी बोलायचे, भांडायचे, पण मला पुरावा कुठे होता? वही दाखवली तर म्हणायचे, वहीत काय, कुणीही लिहील. मला याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या बापाने मशीनला 'माणसाला विचार' असं शिकवलं होतं. ते पुसलं दुसऱ्यांनी.

म्हणून ते वाक्य मशीनमध्ये सापडायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रिक्षा केली. दिंडोशीच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो, बाबा इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. सभागृहात आम्हाला पाचव्या रांगेत बसवलं. बाईंच्या कागदांत पत्ता सापडला म्हणून आम्हाला बोलावलं होतं, बाकी बाबा कोण हे तिथे कुणालाच धड माहीत नव्हतं. 'एक जुने गिरणी कामगार' म्हणून त्यांना वर बोलावलं, शाल-नारळ दिला आणि व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर बसवलं.

मग प्रोग्राम. एक विद्यार्थिनी कॉम्प्युटरवर बसली होती, मागे मोठा पडदा. विभागप्रमुख गमतीत म्हणाले, चला, आपण काकांच्या शालीचीच परीक्षा घेऊ. मुलगी प्रश्न वाचत गेली. गाठ? प्रमुखांनी शाल लांबूनच बघितली. नाही. डाग? नाही. भोक? नाही. धागा तुटलाय? नाही. पडद्यावर आलं, पास. टाळ्या. प्रमुख म्हणाले, "बघा, त्या काळात बाईंनी हे करून ठेवलं. माणसाची गरजच ठेवली नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाबांनी तोवर मांडीवरच्या शालीवरून उलटा हात फिरवला होता. समोर माइक होता हे त्यांना दिसलं नसावं. "नापास," ते म्हणाले, आणि ते सगळ्या सभागृहात ऐकू गेलं. लोक हसले. म्हातारा गमत्या आहे, असं वाटलं असणार.

मी उठले. पिशवीतली वही काढली आणि व्यासपीठावर चढले. म्हटलं, बाईंनी माणसाची गरज ठेवली नाही हे खोटं आहे. ठेवली होती, म्हणून तर त्यांची नोकरी गेली. प्रमुख हळूच म्हणाले, "ताई, या तांत्रिक गोष्टी आपण चहाच्या वेळी बोलू ना." मी म्हटलं, "चहा मी घरून पिऊन आलेय." आणि शेवटचं पान मोठ्याने वाचलं. शाल धुवून बघा, वाटल्यास आम्ही थांबतो, असंही म्हणाले. माझा आवाज चिरकत होता, पण थांबले नाही.

प्रमुख काही बोलणार तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. "सर, ती ओळ आहे," ती म्हणाली. "कुणीतरी बंद करून ठेवलीय, पुसलेली नाही. मला वाटलं चुकून राहिली असेल."

"चालू कर," मी म्हटलं. तिने प्रमुखांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खाली बसली आणि काहीतरी टाइप केलं. पुन्हा तेच प्रश्न. उत्तरं तिने स्वतःच दिली. नाही, नाही, नाही, नाही.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी आलं. बाईंनी तेव्हा तसंच लिहिलं असणार. मुलीने ते दबक्या आवाजात, अडखळत वाचलं, "खात्री नाही. तपासणाऱ्याला विचारा."

यावेळी कुणी हसलं नाही. मला रडू फुटलं, आणि मला रडायचं नव्हतं. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी माझा हात चाचपून धरला. "काय म्हणता गो ता?"

मी म्हटलं, "तुम्हाला विचारायला सांगतंय, बाबा."

बाबा खुर्चीत सरळ बसले. शाल मांडीवर नीट पसरली आणि कुजबुजीच्या रोखाने, सगळ्या सभागृहाकडे तोंड केलं.

"मगे इचारा," ते म्हणाले.