मोठे भावजी आणि मागचा प्लॉट

दिवाळीच्या आधीचा रविवार. रांगोळीचे डबे पुसून ठेवायला काढले, तर पिवळा अर्धा, निळा जवळजवळ भरलेला आणि हिरवा पार रिकामा. घरात चोर शिरला तरी हिरवी रांगोळी नेणार नाही. ती माझे मोठे दीर नेतात. या शहराच्या नकाशावर मोठ्या भावजींचा जेवढा जीव आहे, तेवढा तो नकाशा काढणाऱ्यांचाही नसेल.

भावजी कोपरखैरण्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तुर्भ्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून शहराच्या कामाला लागले. मोकळा प्लॉट दिसला की ते थांबतात. हा शाळेसाठी राखीव, हा मार्केटसाठी, इथून पुढे रस्ता रुंद होणार. त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेलं की भाजी सुकते. माझ्या भाचीला ऐरोलीचं स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळे मुलाकडे गेलो होतो. बाकीच्यांनी नोकरी विचारली, पगार विचारला. भावजींनी खिडकीचा पडदा सारून विचारलं, "समोरच्या प्लॉटवर आरक्षण कसलं आहे?" मुलाकडच्यांना ठाऊक नव्हतं. भावजींना होतं. "बस डेपो," ते म्हणाले आणि पोहे खायला बसले. लग्न झालं, पण भाचीने आतली बेडरूम मागून घेतली.

यंदा नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि रहिवाशांकडून हरकती-सूचना मागवल्या गेल्या. भावजींनी तो कागद सोसायटीच्या बोर्डावर लावला. आमच्या बोर्डावर लोक पाणी कधी येणार नाही एवढंच वाचतात. चार दिवस वाट पाहून ते माझ्याकडे आले आणि डबे घेऊन गेले. सकाळी बघते तर गेटच्या आत, फरशीवर अख्खा सेक्टर काढलेला. घरं पिवळी, दुकानं निळी. आमच्या मागचा मोकळा प्लॉटही निळा, कारण मसुद्यात तो दुकानांसाठी दाखवला होता. दूध आणायला निघालेली माणसं थबकली. रांगोळीवर पाय द्यायचा नाही ही सवय आपल्या हाडात असते, त्यामुळे सगळे कडेकडेने चालायला लागले आणि कडेने चालताना वाचायलाही लागले. मागच्या गावातल्या सुमनताई आमच्याकडे ताजी कोथिंबीर द्यायला येतात. पूर्वी त्या प्लॉटवर त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्यांनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "आमचं शेत व्हतं तवा कोनी रंग इचारला नाय." भावजींनी निळा पुसून तिथे शेताचा हिरवा भरला. तो रोज विस्कटायचा, ते रोज भरायचे. माझा डबा असा संपला.

लोक जागे झाले ते मात्र भलतेच. सोसायटीतल्या प्रत्येकाने आपापली सूचना लिहून दिली. कुणाला तिथे पार्किंग हवं होतं, कुणाला गणपतीसाठी पक्का मंडप, कुणाला जिम, कुणाला ज्येष्ठांसाठी कट्टा. लोकांचं म्हणणं आपण वाचणं बरं नव्हे, असं म्हणून भावजींनी सगळा गठ्ठा न वाचता नेऊन दिला. सुनावणीला त्यांच्या गुडघ्यामुळे मी सोबत गेले. अधिकारी बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, एकाच बिल्डिंगच्या माणसांना एकाच प्लॉटवर इतकं सगळं हवं असेल, तर आम्ही ऐकायचं कुणाचं? मग भावजींकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःला तिथे काय हवंय?"

"काही नको, मॅडम."

"म्हणजे उद्यान? हिरवा रंग?"

"उद्यान नको. उद्यानाला कंपाउंड येतं, गेट येतं, बंद करायच्या वेळा येतात. आहे तसं राहू दे."

मॅडम म्हणाल्या, नुसत्या रिकाम्या जागेला आमच्याकडे रंग नाही. तरीही पुढच्या मंगळवारपर्यंत सगळ्या रहिवाशांनी सही करून एकच मागणी दिली तर विचार करू. नाही तर मसुद्यात आहे तेच राहील.

परत येताना भावजी एकाही प्लॉटपाशी थांबले नाहीत. त्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना जिने बंद झाले. सह्यांसाठी कुणी फिरलं नाही. पार्किंगवाले मंडपवाल्यांशी बोलेनासे झाले होते.

दिवाळीआधीच्या त्या रविवारी डबे तसेच ठेवून मी त्यांना जेवण द्यायला वर गेले. ते मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खाली प्लॉटवर कुणी क्रिकेट खेळत होतं, कुणी गाद्या उन्हात घातल्या होत्या, सुमनताईंची सून स्कूटी शिकत होती. मी विचारलं, तुम्हाला तिथे काहीच का नको? मी व्यवहारी बाई. मलाही पार्किंगच पटत होतं.

"अगं, आपणच सगळं भरून टाकलं तर पुढच्यांनी ठरवायचं काय?" ते म्हणाले. मग आमटी निवेल म्हणून जेवायला लागले. रांगोळीचा विषय त्यांनी काढला नाही. तेच मला खटकलं.

सोमवारी सकाळी दूध तापायला ठेवायच्या आधी मी खाली उतरले. गेटच्या आत रस्ते आखले, घरं पिवळी भरली, दुकानं निळी भरली. मागच्या प्लॉटची पांढरी चौकट आखली आणि आत काहीच भरलं नाही. शेजारी स्टुलावर सह्यांचा कागद आणि पेन ठेवलं. पार्किंगवाले साठे पिशवी घेऊन आले, कडेने चालता चालता थांबले.

"वहिनी, इथे रंग भरायचा राहिला."

"राहिला नाही. तो तसाच ठेवायचाय. सही करा."

"म्हणजे मंडपही नाही ना?" त्यांनी विचारलं. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी पेन उचललं.

वरून, गेटकडच्या खिडकीतून, भावजींचा आवाज आला, "रस्ता वाकडा आलाय."

मी तो पुसला आणि सरळ काढला.