भाट्याची वाळू, मीठ आणि बांगडे

थोर माणसं इतिहास घडवतात, हे मी वर्गात दरसाल शिकवतो. तीसच्या उन्हाळ्यात गावोगाव लोक मिठाचा कायदा मोडू लागले, तेव्हा वाटलं, थोरांत एखादी जागा आपलीही असावी. पुण्याहून निघताना पत्नीला बजावलं, आता पत्र येईल ते तुरुंगातूनच. तिनं दशम्या जरा जास्त बांधल्या.

रत्नागिरीला जाणाऱ्यांनी मुंबईहून आगबोट धरावी. डेकचं तिकीट स्वस्त पडतं, पण लिंबू जवळ ठेवा. बोट धक्क्याला लागत नाही, भर समुद्रात पडावात, म्हणजे लहान होडीत, उडी मारावी लागते. मी मारली नाही, मला टाकलं. बंदरावरच्या खानावळीत कुळथाचं पिठलं मात्र झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याच्या वाळूवर, तिथल्या सत्याग्रहींशेजारी चूल मांडून मीही समुद्राचं पाणी आटवायला ठेवलं. शंभरेक माणसं जमली. मी मुद्दाम सर्वांच्या पुढे बसलो. हवालदार आले, पुढारी कोण म्हणाले. मी घसा खाकरून उभा राहिलो.

तेवढ्यात शेजारी वाळत घातलेल्या बांगड्यांवर कावळे उतरले. राखण करणारी चंद्राबाई पदर हलवत, ओरडत त्यांच्यावर धावली. गर्दीला वाटलं, इशारा झाला. सगळे जयजयकार करत तिच्यामागे सुटले, आणि माझं भांडं उपडं झालं. हवालदारांनी पुढारी म्हणून चंद्राबाईलाच धरलं.

"मी कावल्यांच्या पाठी धावले, नि ही सगली माज्या पाठी," ती म्हणाली. "माजा काय गुना?"

मी विनवलं, मी पुण्याचा मास्तर, मला धरा, पुढारी मीच. हवालदारांनी गर्दीला विचारलं, ह्यांना कोणी ओळखतं का? कोणीच ओळखत नव्हतं. फार वाईट वाटलं.

जाताना चंद्राबाई वळली. "मास्तर, तुमी रिकामेच हाव. माजे बांगडे बगा."

जन्मात मी मासळीला हात लावला नव्हता. तीन दिवस, ऊन असेतो, पंचानं कावळे हाकले. रोज संध्याकाळी पाटी तिच्या शेजारणीकडे पोचवली. चौथ्या दिवशी तिला सोडलं, लोकांनी हार घातले. ती हारांसकट थेट माझ्याकडे आली आणि बांगडे उलटसुलट करून पाहिले.

"येक पन गेला नाय," ती म्हणाली. मला भरून आलं.

घरी पत्नीनं सगळं ऐकलं, पंचा हुंगला आणि मला आंघोळीला पिटाळलं. आता वर्गात तो धडा आला की मी अडखळतो. थोर माणसं तुरुंगात गेली, गर्दी हार घेऊन आली, इथवर ठीक. मधले तीन दिवस बांगडे कोणी राखले, हे पुस्तकात नाही. तेवढं मी तोंडी सांगतो.