माझी तंबाखू सुटली ती अशी

ज्या गोष्टीसाठी लातुरात माझे जुने विद्यार्थी अजूनही रस्त्यात गाडी थांबवून मला वाकून नमस्कार करतात, ती गोष्ट मी केलेलीच नाही. माझं वय आता शहात्तर आहे. हे लिहून ठेवायला हवं असं गेली कित्येक वर्षं वाटत होतं, आणि ते होत नव्हतं. एकतीस वर्षं ज्याने इच्छाशक्ती हा विषय शिकवला, त्याला चार पानं खरं लिहायची इच्छा असून ते जमू नये, यावरूनच वाचणाऱ्याने काय ते ओळखावं.

मी लातूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असे. फळ्यावर तीन शब्द लिहायचो, इच्छा, निश्चय, कृती, आणि त्यांच्यामध्ये दोन बाण काढायचो. निश्चय आणि कृती यांच्यामधला बाण ज्याचा तुटतो तो मनाने कच्चा, असं मी सांगत असे. माणसाचं मन खरंच त्याच्या एकट्याच्या ताब्यात असतं का, अशी शंका घेणारेही विद्वान झाले आहेत. त्यांचं मत पुस्तकात दोन पानांवर होतं. ते परीक्षेला येत नाही म्हणून मी ते लवकर उरकत असे.

एके दिवशी तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, तुमच्या तंबाखूचं काय?" वर्ग हसला. मला तंबाखूचं जबर व्यसन होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मी खिशातून डबी काढली आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर फेकली. खाली सायकल स्टँडच्या पत्र्यावर ती वाजली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून सरांनी तंबाखूला हात लावला नाही, अशी गोष्ट झाली. पुढे मीच ती अहमदपूरपासून बिलोलीपर्यंत शाळांमधून, कॉलेजांमधून सांगत फिरलो.

खरी हकीकत अशी की त्याच संध्याकाळी मी गंजगोलाईच्या बाजारपेठेपलीकडे, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा टपरीवर जाऊन पुडी घेतली. माझ्या बायकोला, सुमनला, ते चौथ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा तीही चप्पल घालून निघाली. "मला भाजी घ्यायची आहे," म्हणाली. कॉलेजच्या रस्त्यावर भाजीबाजार नव्हता. ती मला गेटपर्यंत सोडून परत गेली आणि संध्याकाळी पाचला पुन्हा गेटवर उभी होती. हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. शिपाई चेष्टा करायचे, "सरांना बाईसाहेब शाळेत सोडायला येतात." रोज ती माझ्या शर्टाच्या खिशात भाजलेली बडीशेप आणि ओवा घालून द्यायची. तिला स्वतःला जेवणानंतर विड्याचं पान फार आवडायचं. घरात पानाचा वास नको म्हणून तिने पान बंद केलं आणि ते मला सांगितलंही नाही. पानाचा डबा रिकामा दिसला तेव्हा मला कळलं. दीड वर्षात मी अकरा वेळा पकडला गेलो. दरवेळी ती एकच म्हणायची, "आजचं आज गेलं. उद्या परत निघू."

अशी माझी तंबाखू सुटली. भाषणात मात्र मी सांगायचो, "तीन दिवस झुंज दिली, चौथ्या दिवशी मन जिंकलं." सुमन कधी सभेला आली तर मागच्या खुर्चीत बसून हे ऐकायची. तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही. ती आज असती तर हे लिहिणं एवढं जड गेलं नसतं. तिला जाऊन चार वर्षं झाली.

आमचं कुलदैवत माहूरची रेणुकामाता. तिथे देवीला विडा लागतो, आणि पान कुटून केलेला तो विडाच प्रसाद म्हणून देतात. त्या विड्यात तंबाखू नसते. तरीही मी तो प्रसाद घेत नसे. "मी तंबाखू-पान सोडलंय म्हणजे सोडलं, देवीनेही आग्रह करू नये," असं मी एकदा गडावर पुजाऱ्याला म्हणालो, आणि तो किस्साही मग भाषणात आला. त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या. जिने खरोखर पान सोडलं होतं ती त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती. पुजाऱ्याने दिलेला विडा तिने पदराच्या टोकाला बांधला आणि खाली आल्यावर माझ्या भावजयीला दिला.

आता माधवबद्दल. माधव माझा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. अहमदपूरजवळच्या आमच्या गावी शेती बघतो, आणि बारा महिने त्याच्या गालात तंबाखू असायची. त्याला मी किती बोललो याची गणती नाही. त्याच्या लग्नात, सोयऱ्यांच्या पंगतीत, मी म्हणालो होतो, "याच्या अंगात जोर आहे, मनात नाही." सगळे हसले, तोही हसला. त्याने किती वेळा सोडायचा प्रयत्न केला हे मला नंतर कळलं. प्रत्येक वेळी चार-आठ दिवसांत मोडलं की तो म्हणायचा, "आण्णासारखं मन न्हाई माझं."

मागच्या वर्षी त्याच्या गालाच्या आत चट्टा आला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की रोग अजून पसरलेला नाही, पण ऑपरेशन आठवड्यात ठरवा, महिना घालवू नका. माधवने तिथेच मान हलवली. नको म्हणाला. मुलगा बोलला, बायको कमल रडली, मी तर तासभर समजावलं. तो पलंगावर बसून मला म्हणाला, "आण्णा, कापून काय करायचं? बरं झालो की मी परत खाणार. माझं मन कच्चं हाय. तुम्हीच म्हणत होते की. कच्च्या माणसावर कशाला खर्च करून राहिले?" आणि जरा थांबून, "मला एकदा माहूरला न्या. तेवढं बास."

त्याच्या रोगावर औषध नांदेडला होतं, पण त्याला ते घेऊ न देणारी गोष्ट माझी होती. मी तीस-पस्तीस वर्षं ती त्याच्या मनात भरली होती. खरं सांगायची संधी त्याच खोलीत होती. पुतण्या समोर, कमल समोर, दोन नर्स समोर. माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप करून आम्ही तिघे निघालो. रस्ताभर मी ठरवत होतो की गडावर सांगायचं. पायऱ्या सुरू झाल्या आणि माझ्या गुडघ्यांनी अर्ध्यातच नकार दिला. माधव आणि कमल पुढे गेले. मी कठड्याला टेकून बसलो. घाम फुटला होता. तो चढण्याचा होता की भीतीचा, सांगता येत नाही. खरं तर त्या क्षणी मला बरं वाटलं, की आता वर जाणं नको आणि बोलणंही नको.

शेजारी एक म्हातारी दगडी खलबत्त्यात विडा कुटत बसली होती. "विडा घ्या बाबा, देवीचा," ती म्हणाली.

"मी खात नाही." सवयीने तोंडातून गेलं.

"नका खाऊ. पण कुटाल तर? माझं मनगट लई दुखून राहिलं सकाळपासून." आणि माझ्या होकाराची वाट न बघता तिने खलबत्ता माझ्यापुढे सरकवला. पाण्याचा तांब्याही दिला. मी पाणी प्यालो आणि कुटू लागलो. पानाचा वास नाकात गेला आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला तो रिकामा डबा दिसला.

"मास्तर दिसता," म्हातारी म्हणाली.

"कशावरून?"

"मोजून कुटून राहिले ना! वर न्हाई जायचं?"

"जायचं ठरवलंय. पाय ऐकत नाहीत."

ती बोळक्या तोंडाने हसली. "पाय कोणाचं ऐकतेत? मला तर रोज चढा लागते. सकाळी माझं मन म्हणते, नको. मग सून टोपलं घेऊन पुढं निघते, की तिच्या मागं मीबी निघते. पायाला काय कळते, कोणाच्या मनानं चालून राहिले ते?"

ती पुढे दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलू लागली. तिने मला काही उपदेश केला नव्हता, स्वतःच्या सुनेची गोष्ट सांगितली होती. माझे हात मात्र थांबले. जी दोन पानं मी आयुष्यभर उरकत आलो, ती या बाईने माझ्यापुढे उघडून ठेवली होती. दीड वर्ष मी कॉलेजला चालत गेलो तो कोणाच्या मनाने? मी सुमनच्या मनाने चाललो, आणि पोचल्यावर ते मन माझं म्हणून मिरवलं. चोरी केली ती एवढीच, पण ती माधवला महाग पडत होती. मी वर शिखराकडे पाहिलं आणि म्हटलं, "आई, माझ्याच्याने बोलवत नाही. तू बोलव." आयुष्यात पहिल्यांदा मी देवीकडे काही मागितलं असेन. तोवर मी तिला फक्त माझे निश्चय कळवत आलो होतो.

थोड्या वेळाने माधव आणि कमल खाली आले. माधव माझ्या पायरीवर बसला. त्याच्या हातात कागदात बांधलेला प्रसाद होता. "मला डॉक्टरनं सुपारी बंद केलीय," तो म्हणाला, "आन् तुम्ही तर खात न्हाईत. वैनीच्या फोटोपुढं ठेवा. तिला आवडायचं पान."

हे त्याला ठाऊक होतं. मी प्रसादाचा कागद उघडला, चिमूटभर विडा कपाळाला लावला आणि तोंडात घातला. माधव बघतच राहिला. मग मी सांगितलं. डबी, गंजगोलाईची टपरी, गेट, बडीशेप, सगळं. मी ठरवलेल्या क्रमाने काहीच आलं नाही, पण आलं.

"अकरा वेळा?" माधवने विचारलं.

"पकडलेलं अकरा वेळा. न पकडलेलं वेगळं."

"माझ्या लग्नात तुम्ही पंगतीत म्हणले होते..."

"हो."

"तवा बी?"

"तेव्हा सुटून दोनच महिने झाले होते. सुमनने सोडवून."

त्याचे डोळे भरले. मला वाटलं तो मिठी मारेल. तो उठला आणि एकटाच भराभर पायऱ्या उतरून गेला. तीस वर्षांचा राग होता तो, आणि तो माझ्या हक्काचा होता. मी कठड्याला धरून उठू लागलो. कमलने आजवर माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की कधी ती मान वर करून बोलली नव्हती. तिने हात पुढे केला. "धरा आण्णा. आपण हळूहळू उतरू." मी म्हातारीकडे वळलो. दर्शन राहिलं, असं काहीतरी पुटपुटलो. "इथूनच जोडा हात," ती म्हणाली, "दिसते तिला." आणि खलबत्ता परत ओढून घेतला.

खाली माधव जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. आमच्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाला, "चल, पाचपर्यंत नांदेड गाठ. डॉक्टर भेटतेत तवर." आम्ही बसलो. जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. मग तो मान न वळवता म्हणाला, "आण्णा, एक आत्ताच सांगतो. अकरा वेळात माझं भागायचं न्हाई."

"न भागू दे," मी म्हणालो.

"वैनी न्हाई आता. रोज कोण येणार माझ्यासंगं?"

"मी येतो."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. माधवचं बोलणं आता जड येतं आणि गाल एका बाजूने ओढलेला आहे. त्याने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. मी लातूरचं घर बंद करून गावी त्याच्याकडे राहायला आलो आहे. इथे कोणी मला, माहूरला देवीची काही प्रचीती आली का, असं विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. एका म्हातारीचं मनगट त्या सकाळी दुखत होतं, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. त्या दुखण्याबद्दल मी देवीचा ऋणी आहे, आणि सुमनचा तर किती, ते मांडायला माझ्याकडे भाषा नाही. मन माझं आहे असं म्हणायचं मी सोडलं. हेही मी एकट्याने सोडलेलं नाही.

रोज सकाळी आम्ही दोघे शेताकडे निघतो. फाट्यावर टपरी आहे. तिथे आलं की माधवची पावलं मंदावतात, मला ऐकू येतात. मागच्या पंधरवड्यात दोनदा तो तिकडे वळलाही. मी थांबून राहिलो, आणि तो परत आल्यावर म्हणालो, "आजचं आज गेलं. उद्या परत निघू." आज तो वळला नाही. पुढे बघत चालता चालता त्याने फक्त हात माझ्या बाजूला पसरला, आणि मी खिशातली बडीशेप त्याच्या तळव्यावर ठेवली.