तीन पात्यांची हौस

दिगंबरपंत मोघ्यांनी छत्तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना लेथ शिकवला. मोजल्याशिवाय कुठली गोष्ट मान्य करायची नाही, ही त्यांची खोड. घरात नवा डबा आला तरी आधी फूटपट्टी बाहेर यायची.

दोन हजार पाचचा उन्हाळा होता. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत रोज संध्याकाळी दोन तास वीज जायची. चार मजले, लिफ्ट नाही, आणि जिना असा कोंदट की सहालाच अंधार. पंतांच्या पत्नी पद्मजाबाईंना दिवेलागणीनंतर कमी दिसे. मार्चमध्ये पायरी चुकून त्या पडल्या, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचं संध्याकाळी खाली उतरणं बंद झालं. भजनाला जाणं सुटलं. देऊळ हाकेच्या अंतरावर, आणि बाई तिसऱ्या मजल्यावर कैद! पंतांच्या डोक्यात तिडीक जायची.

म्हणून जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायचं सोसायटीने काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद पंतांना झाला. कुठल्या प्रकारची चक्की, हे ठरायचं होतं. पंतांनी गच्चीच्या चारी कोपऱ्यांत बांबू उभे केले, त्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या आणि चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद केली.

"काका, चार-चार गुढ्या?" सेक्रेटरी अवधूतने विचारलं. हा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये.

"हो. तुझ्या कमिटीला अक्कल येईपर्यंत उतरवणार नाही," पंत म्हणाले.

पट्ट्यांनी जे सांगायचं ते सांगितलं होतं. भोवती उंच इमारती, त्यामुळे वारा गच्चीवर नुसता गरगरायचा. एक पट्टी पूर्वेला, तर दुसरी पश्चिमेला. तीन पात्यांच्या चक्कीला एका दिशेने सरळ येणारा वारा लागतो. इथे ती नुसती मान फिरवत बसली असती. त्यापेक्षा पिंप उभं चिरून त्याचे दोन अर्धे उभ्या दांड्यावर बसवावेत. वारा कुठूनही येवो, ते फिरतं. वीज थोडी देतं खरं, पण आपल्याला चार दिवे लावायचेत, साखर कारखाना चालवायचा नाही.

पण सभेत वहीकडे बघतो कोण! डिसेंबरात अख्खी सोसायटी सहलीला साताऱ्याच्या पठारावर जाऊन आलेली. तिथल्या भल्यामोठ्या पांढऱ्या पवनचक्क्यांखाली सगळ्यांनी फोटो काढलेले. पवनचक्की म्हणजे तीच, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

"बिल्डिंगला लुक येतो, काका," अवधूत म्हणाला. "तुमचं ते पिंप दिसणार कसं?"

हात वर झाले. एकवीस विरुद्ध एक.

"वाऱ्याचं मत घेतलंत का?" पंत कडाडले. सगळे हसले. हसायला यांचं काय जातंय? मनगट यांचं थोडंच मोडलं होतं!

नारळ फुटला, पेढे वाटले, तीन पात्यांची बया गच्चीवर चढली. पाव फेरा घ्यायची की मान डावीकडे, पुन्हा पाव फेरा की मान उजवीकडे. श्रावण उजाडला तरी जिन्यात एक दिवा लागला नाही. कमिटीने खापर फोडलं ते वाऱ्यावर. यंदा वाराच बरोबर नाही म्हणे! स्वतः चुकलो म्हणायला यांची जीभ झडत होती.

पंतांनी मग कुणाला विचारलं नाही. जुन्या बाजारातून पिंप आणि मोटारीचा डायनॅमो आणला, एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपात जोडून घेतला, खाली बॅटरी ठेवली. पिंप कुरकुरत का होईना, फिरू लागलं. बॅटरी भरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी वीज गेली, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक मिणमिणता दिवा लागला.

पाचव्या संध्याकाळी अवधूत कागद घेऊन आला. गच्चीवर विनापरवाना भंगार ठेवल्याबद्दल नोटीस. वीज गेलेलीच होती. तिसऱ्या मजल्याच्या दिव्याखाली उभं राहून पंतांनी ती वाचली.

"ठोकर न खाता वर आलास ना?" ते म्हणाले. "मग कशाच्या उजेडात आलास रे? तुझ्या तीन पात्यांच्या?"

"काका, प्रोसिजर असते. दिवे चांगलेच आहेत, पण सभेचा ठराव..."

मागे दार उघडलं. पद्मजाबाई बाहेर आल्या. हातात टाळ, खांद्याला पिशवी. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या या वेळी घराबाहेर पडत होत्या. पंत आधार द्यायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"अवधूत, जरा सरक बाबा," त्या म्हणाल्या. "पायरी दिसू दे."

अवधूत भिंतीला चिकटला. पद्मजाबाई एकट्या, एकेक पायरी बघत, खाली उतरून गेल्या.